एक लेख, चार मुलं, एक संगणक: वर्गातलं सामूहिक लेखन कोणत्या क्रमानं करावं

मराठीच्या शिक्षकांनी फळ्यावर विषय लिहिला, संगणकाच्या शिक्षकांनी लॅब उघडली आणि सगळा वर्ग एकाच गूगल डॉक्युमेंटमध्ये शिरला. दहा मिनिटांत कुणाचा तरी परिच्छेद कुणीतरी पुसतो, दोघं एकाच ओळीत टाइप करत बसतात, चौथा खिडकीबाहेर बघत असतो. तास संपतो तेव्हा पडद्यावर विकिपीडियातून उचललेल्या तीन ओळी आणि एक हसरा इमोजी उरतो. मग लॅबला दोष, मुलांना दोष, नेटला दोष. खरं बिनसलेलं असतं ते क्रमाचं. संगणक पहिल्या तासाला येतो, आणि तो यायला हवा पाचव्या तासाला.

खालचा आराखडा आठवी-नववीच्या ४० मुलांच्या वर्गासाठी आहे. चालू स्थितीतले १० संगणक, चौघांचे १० गट, तीन आठवड्यांत ११ तासिका. प्रत्येक गटानं ३५० ते ४०० शब्दांचा एक माहितीपर लेख लिहायचा. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या साध्या माध्यमिक शाळेत असते तेवढीच साधनं इथे धरली आहेत.

तयारी १: दोन शिक्षकांची बैठक

पाऊण तास पुरतो, पण ही बैठक टाळली तर पुढचं काहीही सुरळीत होत नाही. एका कागदावर दोन रकाने करा. विषय, मसुदा, भाषा आणि अभिप्राय यांची जबाबदारी मराठीच्या शिक्षकांची. खाती, परवानग्या, टंकन आणि जतन यांची जबाबदारी संगणकाच्या शिक्षकांची. मुलानं 'सर, हे पुसलं गेलं' म्हटल्यावर कुणाकडे जायचं आणि 'बाई, हे वाक्य बरोबर आहे का' हे कुणाला विचारायचं, याचा गोंधळ मुलांपर्यंत जाऊ देऊ नका.

दोघंही वर्गात हवेत असे तास तीनच: पहिला टंकनाचा, जोडणीचा (चौघांचे परिच्छेद एकत्र करण्याचा) आणि बाहेरच्या शाळेच्या अभिप्रायाचा. या तिन्हींसाठी मुख्याध्यापकांकडून तासांची अदलाबदल आधीच मंजूर करून घ्या. जोडणीसाठी जोडतास (सलग दोन तास) लागतो. मधल्या सुट्टीच्या दोन्ही बाजूंचे तास जोडतास म्हणून घेऊ नका, कारण सुट्टीनंतर मुलं संगणकापुढे बसेपर्यंतच दहा मिनिटं जातात.

महिना निवडताना विषयाचा हंगाम बघा. ऑगस्टमध्ये सांगलीकडे पुराची सुट्टी कधी लागेल सांगता येत नाही, त्यात गणपती. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा स्नेहसंमेलन खातं. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचे तीन आठवडे सगळ्यांत बरे. उसाचा हंगाम सुरू असतो, कऱ्हाड-वाळव्याकडे गुऱ्हाळं पेटलेली असतात, महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी यायला लागलेली असते. बेदाण्याचा किंवा हळद शिजवण्याचा विषय हवा असेल तर माहिती फेब्रुवारी-मार्चमध्येच जमवावी लागते. तेव्हा सातवीच्या मुलांना पाठवा आणि लेखन जूनमध्ये, ती आठवीत आल्यावर घ्या.

तयारी २: यंत्रं, कळफलक, फॉन्ट

लॅबमधली यंत्रं मोजून भागत नाही, मराठी चालणारी यंत्रं मोजा. प्रत्येक संगणकावर हे वाक्य टाइप करून बघा: 'गुऱ्हाळावरच्या शेतकऱ्यानं ॲल्युमिनियमच्या वाटीत ज्ञानेशला श्रीखंडासारखी घट्ट काकवी दिली आणि वाङ्मय बाजूला राहिलं.' अर्थाकडे दुर्लक्ष करा. ऱ्य, ॲ, ज्ञ, श्र, ळ आणि ङ्म या सगळ्या अडचणीच्या जागा त्यात आहेत.

विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. भाषा बदलायला विंडोज कळ आणि स्पेसबार. मुलं हमखास अडतात ती 'शेतकऱ्यां' या शब्दाशी, आणि आपल्या भागातल्या लेखात हा शब्द दर चौथ्या ओळीला येतो. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह जे दाबलं की ऱ, मग डी दाबून पाय मोडायचा, मग स्लॅशच्या कळीवरचा य. नुसता र वापरला तर 'शेतकर्यां' होतं. ळ साठी शिफ्ट आणि एन. हे दोन नियम मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक मॉनिटरच्या कडेला चिकटवा.

⚠ इशारा: जुन्या संगणकांवर शिवाजी, कृतीदेव यांसारखे बिगर-युनिकोड फॉन्ट असतात. शाळेच्या कार्यालयात पत्रं त्यात टाइप होत असल्यानं कुणाला खटकत नाही. पण त्यातला मजकूर गूगल डॉक्समध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. एकाही मुलाला या फॉन्टमध्ये टाइप करू देऊ नका. नंतर रूपांतर करता येतं, पण जोडाक्षरं आणि रफार तुटतात आणि ते शोधण्यातच एक तास जातो.

नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेणार असाल तर विंडोजमध्ये ते 'मीटर्ड कनेक्शन' म्हणून नोंदवा. मुलांच्या टंकनाला डेटा फारसा लागत नाही. सगळा डेटा खातात ते मागे चाललेले अपडेट.

तयारी ३: खाती आणि संमती

भारतात स्वतःचं गूगल खातं चालवायला १३ वर्षं पूर्ण लागतात, आणि आठवीच्या वर्गात काही मुलं त्याहून लहान असतात. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल बालकच धरलं आहे आणि पालकांच्या संमतीची तरतूद आहे. त्यामुळे मुलांची वैयक्तिक खाती काढायच्या भानगडीत न पडणं उत्तम. उरतात तीन मार्ग.

पहिला, शाळेला स्वतःचं डोमेन असेल तर शैक्षणिक संस्थांसाठीचं मोफत गूगल वर्कस्पेस. खाती शाळा काढते, बंदही शाळाच करते. करता आलं तर हेच करा.

दुसरा, प्रत्येक संगणकाला एक गटखातं. खाती शिक्षकांनी काढायची, पासवर्ड शिक्षकांकडे. एका मोबाइल क्रमांकावर ठरावीकच खात्यांची पडताळणी होते, म्हणून आदल्या रात्री दहाच्या दहा काढायला बसाल तर मध्येच अडाल. आठवडाभर आधी, दोघा-तिघांच्या क्रमांकांवर विभागून काढा.

तिसरा, 'लिंक असलेला कुणीही बदल करू शकतो' अशी लिंक देणं. खातं लागत नाही, म्हणून सोपं वाटतं. पण मग व्हर्जन हिस्टरीत (फाइलमधल्या बदलांच्या नोंदीत) सगळे बदल निनावी दिसतात. कुणी काय लिहिलं आणि कुणी काय पुसलं ते कळत नाही. हा मार्ग फक्त एका तासाच्या सरावापुरता ठेवा.

गटखातं वापरलं तरी चौघांपैकी कोण बसलं होतं हे संगणकाला कळत नाही. त्यासाठी प्रत्येक यंत्राशेजारी एक बसणीची वही ठेवा: तारीख, वेळ, नाव. व्हर्जन हिस्टरीतली वेळ आणि वहीतली वेळ जुळवली की कुणाचं काम किती ते दिसतं.

✔ तपासणी: पुढे जाण्याआधी दहाही यंत्रांवर चाचणीवाक्य नीट उमटलं का? पालकांची संमतिपत्रं आली का? दहा कोऱ्या फाइल 'गट०१', 'गट०२' अशा नावांनी शाळेच्या खात्यावर तयार आहेत का? यातलं एक जरी 'नाही' असेल तरी पहिला टप्पा सुरू करायला हरकत नाही, कारण पहिले तीन टप्पे कागदावरच होतात.

टप्पा १: विषय बारीक करणे (१ तासिका, कागदावर)

'गूळ' हा विषय नाही. 'हळद' हाही नाही. असा विषय दिला की मूल थेट नेटवर जातं, कारण एवढ्या मोठ्या शब्दाबद्दल त्याच्या स्वतःकडे सांगण्यासारखं काही नसतं. विषयाला प्रश्नाचं रूप द्या आणि तो प्रश्न एका जागी उभं राहून, एका माणसाशी वीस मिनिटं बोलून सुटेल इतका लहान करा.

'गूळ' ऐवजी: गुऱ्हाळावर एका आदणाला (काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, एका वेळी उकळणाऱ्या रसाला) किती वेळ लागतो आणि त्या वेळात कोण काय करतं? 'बेदाणा' ऐवजी: द्राक्ष शेडमध्ये जाळीवर पडल्यापासून पेटीत भरेपर्यंत काय काय होतं? 'हळद' ऐवजी: सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत हळद जमिनीखाली का ठेवायचे? 'पूर' ऐवजी: सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी वाढत गेली की आपल्या गल्लीत कोणत्या फुटाला काय करतात? माण, जत, आटपाडीकडच्या शाळांना मेंढ्यांची कातरणी, चाराछावणी, टँकरच्या फेऱ्या असे विषय हाताशी आहेत.

प्रत्येक गटानं तीन प्रश्न मांडावेत आणि शिक्षकांनी त्यातला एक निवडावा. मतदान घेऊ नका. मतदानात नेहमी सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत ढोबळ विषय जिंकतो.

टप्पा २: माहिती आणणे (१ तासिका तयारी, बाकी शाळेबाहेर)

प्रत्येक गटाला एक फुलस्केप. वर ८ प्रश्न, खाली उत्तराला जागा, उजवीकडे एक अरुंद रकाना, त्याला नाव 'एकक'. हा रकाना क्षुल्लक वाटतो, पण लेखाचा अर्धा कस तिथे ठरतो. मूल 'खूप रस' लिहून आणतं. एककाचा रकाना रिकामा दिसला की त्याला परत विचारावं लागतं: किती? लिटर की डबे? गूळ करणारा गूळव्या आदणात बोलतो, अडत्या क्विंटलमध्ये, बागाईतदार एकरात. सांगणाऱ्याचं एकक जसंच्या तसं लिहून आणायचं, हिशोब नंतर वर्गात.

प्रत्येक आकडा दोघांकडून घ्यायचा. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर घाबरायचं कारण नाही. का जुळले नाहीत हाच लेखातला एक परिच्छेद होतो. पुराच्या विषयात तर लोक आठवणीतले आकडे हमखास वाढवून सांगतात. तिथे अधिकृत पातळ्यांचा आधार घ्या: आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. घरातल्या भिंतीवरची पाण्याची खूण मोजपट्टीनं मोजून आणणारं मूल पाच जणांना विचारून आलेल्या मुलापेक्षा पक्की माहिती आणतं.

फोटो पालकांच्या फोनवर निघणार आणि व्हॉट्सॲपवरून येणार. व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवतं आणि छापताना तो फाटल्यासारखा दिसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ आकारात येतो. माणसाचा चेहरा असेल तर त्याची परवानगी त्याच फुलस्केपवर सहीनं घ्या. फोन नंबर, आधार, सातबाऱ्याचा फोटो यातलं काहीही फाइलमध्ये चढवायचं नाही.

⚠ इशारा: भेटीआधी मुलांना नेटवर वाचू देऊ नका. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन मोफत आहेत आणि नेमकं, आटोपशीर कसं लिहावं याचा तो चांगला नमुना आहे. पण तो भेटीनंतर, आणलेली माहिती ताडून बघायला. आधी वाचलं की मूल गुऱ्हाळावर जाऊन विश्वकोशातलेच प्रश्न विचारतं आणि तिथलीच उत्तरं लिहून आणतं.

टप्पा ३: चिठ्ठ्या, क्रम, वहीतला परिच्छेद (२ तासिका, कागदावर)

सगळ्या खटाटोपातला हा कळीचा टप्पा, आणि हाच गाळला जातो. लॅब मोकळी असते, मुलं उतावीळ असतात, शिक्षकांनाही पडद्यावर काहीतरी दिसायला हवं असतं.

पहिल्या तासिकेत गटानं आणलेली माहिती चिठ्ठ्यांवर उतरवायची. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट: 'रस काहिलीत ओततात', 'भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते', 'चुलीला चिपाडं घालणारा माणूस वेगळा'. १२ ते १५ चिठ्ठ्या झाल्या की त्या बाकावर पसरायच्या आणि चौघांनी मिळून क्रम लावायचा. इथे भांडण होतं. होऊ द्या. आधी जागा सांगायची की आधी माणसं, वेळेच्या क्रमानं जायचं की कामाच्या, हे चौघांना तोंडी पटवून द्यावं लागतं, आणि सामूहिक लेखनात एकत्र येणं असतं ते नेमकं इथे. पडद्यावर ते घडत नाही, कारण तिथे माउस एकाच्याच हातात असतो.

क्रम ठरल्यावर चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे करायचे. नेहमीची चूक अशी: एकाला प्रस्तावना, दोघांना मधला भाग, चौथ्याला समारोप. प्रस्तावना मिळालेलं मूल 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' लिहितं, कारण त्याच्या वाट्याला चिठ्ठी आलेलीच नसते. समारोपवाला 'अशा प्रकारे' लिहून थांबतो. म्हणून प्रत्येकाला किमान तीन चिठ्ठ्या आणि एक उपप्रश्न मिळालाच पाहिजे. गुऱ्हाळाचंच उदाहरण घेतलं तर: एक, ऊस गाळण्यापासून रस काहिलीत येईपर्यंत, दोन, काहिलीवर काय होतं, तीन, गूळ झाला हे गूळव्या कशावरून ओळखतो, चार, ढेप बांधल्यावर ती कुठे जाते आणि तिचा भाव कोण ठरवतं. लेखाची पहिली ओळ सगळ्यांत शेवटी, चौघांनी मिळून लिहायची.

दुसऱ्या तासिकेत प्रत्येकानं आपापल्या वहीत ८० ते १०० शब्दांचा परिच्छेद एकट्यानं लिहायचा. शांत वर्गात, पेननं. या वह्या तुम्ही गोळा करून बघणार आहात. वैयक्तिक गुण इथून येतात, आणि पुढे कुणी म्हणालं की 'सगळं त्यानंच केलं', तर पुरावाही इथेच असतो.

वहीवर शुद्धलेखन तपासू नका. दोनच खुणा करा: माहिती पोकळ असेल तिथे प्रश्नचिन्ह, आणि वाक्य कळत नसेल तिथे नागमोडी रेघ.

✔ तपासणी: चारही वह्या लिहून झाल्या नसतील तर तो गट लॅबमध्ये जाणार नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा. एका गटाला सवलत दिली की उरलेले नऊ गट वही लिहिणं थांबवतात.

टप्पा ४: टंकन (२ तासिका)

आता संगणक. प्रत्येक गटाची एक फाइल, त्यात आधीच चार मथळे, मथळ्याखाली मुलाचं नाव. आपल्या नावाखालीच टाइप करायचं.

४० मिनिटांच्या तासात बसून लॉगिन होण्यात ५ मिनिटं जातात, शेवटची ३ बंद करण्यात. उरलेल्या ३२ मिनिटांत चौघांना प्रत्येकी ८ मिनिटं. नवशिक्या मुलाचे ८ मिनिटांत जेमतेम ३०-४० शब्द होतात, म्हणून तासिका दोन लागतात. दोन मिळूनही परिच्छेद पुरा झाला नाही तर उरलेलं बोलून घालता येतं: क्रोममध्ये गूगल डॉक्सच्या टूल्स मेनूत व्हॉइस टायपिंग आहे आणि त्यात मराठी निवडता येतं. पण दहा गट एका खोलीत एकदम बोलू लागले तर यंत्र शेजाऱ्याचं वाक्य ऐकतं. एका वेळी दोनच गट, खोलीच्या दोन टोकांना. विरामचिन्हं हातानं घालावी लागतात आणि बोलीतले शब्द तपासावे लागतात. 'आदण', 'चिपाड', 'पेव' यांच्या जागी यंत्र त्याला माहीत असलेला दुसराच शब्द ठेवून देतं.

टाइप करणारा एक. दुसरा वहीतून वाचून दाखवतो. तिसरा पडद्यावरची अक्षरं बघतो. चौथा बसणीची वही आणि घड्याळ सांभाळतो. दर ८ मिनिटांनी सगळे एक जागा सरकतात. संगणकात तरबेज मुलाला कायमचं टंकनाला बसवायचा मोह होतो, कामही लवकर उरकतं. पण मग उरलेल्या तिघांना कळफलकाला हातही लागत नाही, आणि ज्याच्या घरी संगणक आहे त्याचीच पुन्हा एक तालीम होते.

मजकूर चिकटवण्याबद्दल. चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून परिच्छेद घेऊन चिकटवला तर व्हर्जन हिस्टरीत तो एका क्षणात अख्खा उमटलेला दिसतो. टाइप केलेला मजकूर तुकड्यातुकड्यानं वाढलेला असतो. पण तेवढ्यावर आरोप करू नका, मुलानं फोनवर टाइप करून आणलेलंही तसंच दिसतं. वही मागा. वहीत परिच्छेद आणि फुलस्केपवर त्याची माहिती असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर परिच्छेद काढून टाकायचा आणि मुलाला पुन्हा पेन द्यायचं. ओरडा नको.

टप्पा ५: जोडणी (१ जोडतास)

चार परिच्छेद एकाखाली एक आले म्हणजे लेख झाला असं मुलांना वाटतं, आणि बऱ्याच शाळांत काम इथेच थांबतं. प्रत्यक्षात हाताशी असतात चार वेगवेगळ्या आवाजांचे तुकडे.

आधी फाइलला 'मसुदा १' असं व्हर्जनचं नाव द्या. फाइल मेनू, व्हर्जन हिस्टरी, नाव द्या. काही बिघडलं तर इथे परत येता येतं, आणि हे माहीत असलं की मुलंही बिनधास्त खोडतात.

मग एकानं सगळा लेख मोठ्यानं वाचायचा, तिघांनी कागदावर खुणा करायच्या. पुढच्या गोष्टी याच क्रमानं शोधा. पुनरुक्ती: दोघांनीही काहिलीचं वर्णन केलं आहे का? विसंगती: पहिल्या परिच्छेदात आदणाला अडीच तास आणि तिसऱ्यात तीन, असं झालं आहे का? फुलस्केप काढा, दोन सांगणाऱ्यांचे दोन आकडे असतील तर तसं लिहा. एकच शब्द: एक 'गूळव्या' लिहितो, दुसरा 'कारागीर', गटानं एक ठरवून फाइलच्या शेवटी शब्दयादीत टाकायचा. काळ: एक 'ओततात' लिहितो, दुसरा 'ओतला'; कृती सांगायची असेल तर वर्तमानकाळ. भाषा: 'करणं' की 'करणे', दोन्ही चालतात, पण एका लेखात एकच.

सांगणाऱ्याचं बोलणं अवतरणात घेतलं असेल तर त्याला हात लावायचा नाही. 'रस फुटला की काय कामाचा न्हाय' हे वाक्य प्रमाण मराठीत आणलं की त्यातला माणूस निघून जातो. अवतरणाबाहेर प्रमाण भाषा, अवतरणात त्याची.

शेवटची १५ मिनिटं पहिल्या ओळीला. नावांचे मथळे आता काढून टाका आणि चौघांची नावं लेखाखाली एकत्र घ्या.

टप्पा ६: दुसऱ्या तालुक्यातले वाचक (१ तासिका, मध्ये एक आठवडा)

आपल्याच वर्गातला दुसरा गट वाचक म्हणून कुचकामी ठरतो, कारण गुऱ्हाळ त्यानंही बघितलेलं असतं. न सांगितलेलं त्याला आपोआप कळतं. वाचक असा हवा ज्यानं ही गोष्ट पाहिलेलीच नाही. तासगावच्या मुलांचा बेदाणा महाबळेश्वरच्या मुलांनी वाचावा, त्यांची स्ट्रॉबेरी तासगावच्यांनी. कऱ्हाडचं गुऱ्हाळ दहिवडीच्या वर्गानं, त्यांची कातरणी कऱ्हाडच्यांनी. ओळखीचे शिक्षक शोधा. अधिकृत पत्रव्यवहारात महिना जाईल.

भागीदार शाळेला लिंक देताना परवानगी 'कमेंटर' ठेवा, 'एडिटर' नाही. एका गटाला पाहुण्या वाचकांकडून जास्तीत जास्त ६ अभिप्राय, त्यातले निदान ४ प्रश्न असावेत. 'छान', 'मस्त', 'अजून सुधारा' हे अभिप्राय धरायचे नाहीत. चालणारा अभिप्राय असा असतो: 'डिपिंग ऑइलमध्ये बुडवतात असं लिहिलं आहे. ते कशासाठी? द्राक्षाला तेल लागत नाही का?' असा प्रश्न आला की तासगावच्या मुलाच्या लक्षात येतं, की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणामुळे सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि द्राक्ष लवकर वाळतं, हे त्यानं लिहिलेलंच नाही. त्याच्या घरी ते सगळ्यांना ठाऊक असतं.

प्रत्येक अभिप्रायाला गटानं एक तर लेखात बदल करून उत्तर द्यायचं, नाहीतर बदल का केला नाही ते खाली एका ओळीत लिहायचं. नुसतं 'रिझॉल्व्ह' दाबून अभिप्राय गायब करणं ही इथली ठरलेली चूक आहे. ते बटण शिक्षकांनीच दाबायचं.

टप्पा ७: शिक्षकांचा हात (वर्गाबाहेर)

सजेस्टिंग मोड (बदल सूचना म्हणून दाखवणारी सोय) लावल्याशिवाय मुलांच्या फाइलला हात लावू नका. रात्री घरी बसून दहा लेख सरळ दुरुस्त करून टाकले की सकाळी मुलांना स्वच्छ लेख दिसतो आणि चूक कुठे होती ते कधीच कळत नाही. एका लेखात १० सूचना, त्याहून जास्त नाहीत. एकच चूक आठ वेळा असेल तर पहिल्या जागी सूचना आणि शेजारी अभिप्राय: 'अशा आणखी ७ जागा आहेत, शोधा.'

गुणदान २० पैकी: वहीतला परिच्छेद ८ (वैयक्तिक), माहितीचा फुलस्केप ४ (गट), जोडणीनंतरचा लेख ५ (गट), अभिप्रायांना उत्तरं ३ (गट). सजावटीला शून्य. आठवीला आकारिक मूल्यमापनात प्रकल्प म्हणून हे बसतं. वह्या आणि फुलस्केप वर्षअखेरपर्यंत जपून ठेवा.

नेट नसेल तर

क्रम तोच, फक्त फाइल फिरते. लिबरऑफिस रायटर मोफत आहे. एडिट मेनूतलं ट्रॅक चेंजेस सुरू करून फाइल द्या, म्हणजे बदल रंगात दिसतात. प्रत्येक यंत्रावर वापरकर्त्याचं नाव वेगळं भरा, नाहीतर सगळ्यांचे बदल एकाच नावानं पडतात. पेनड्राइव्ह एकच आणि तो शिक्षकांकडे. फाइलच्या नावात दिवस घाला: 'गट०४_१२नोव्हेंबर'. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम खरंच' ही नावं वर्गात आली की कोणती फाइल खरी ते कुणालाच सांगता येत नाही.

टप्पा ८: छपाई (२ तासिका)

पुस्तिका ए-फोर कागद मध्ये दुमडून करायची असेल तर पान सुरुवातीपासूनच ए-फाइव्ह आकारात लावा. ए-फोरवर १२ पॉइंटमध्ये लावून मग ए-फाइव्हवर छापलं की अक्षर साडेआठ पॉइंटच्या आसपास येतं आणि वेलांटी-उकार दिसेनासे होतात. पानांची संख्या चारच्या पटीत हवी: १६ पानांना ४ कागद. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा मंगल, ओळींत सव्वापट अंतर.

सातारा-सांगलीतल्या बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून पेजमेकर आहे आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. वर्डची फाइल दिली तर तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये उलटवून घेईल आणि 'शेतकऱ्यां'चे पुन्हा हाल होतील. त्याला पीडीएफच द्या, आणि आधी एकच पान छापून चाचणीवाक्य तपासा.

पुस्तिकेची एक प्रत माहिती सांगणाऱ्या प्रत्येकाच्या हातात गेली पाहिजे. गटातल्या मुलांनीच ती नेऊन द्यावी आणि काही चुकलं असेल तर पेन्सिलनं खूण करून आणावी. या खुणा मूळ फाइलमध्ये घाला.

मूळ फाइल कुणाच्या खात्यावर आहे तेही आत्ताच बघा. शिक्षकांच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर बदली झाली की ती त्यांच्याबरोबर जाते. मालकी शाळेच्या खात्याकडे द्यायला शेअरच्या खिडकीत 'ट्रान्सफर ओनरशिप' आहे. समोरच्या खात्यातून ती स्वीकारावीही लागते, आणि शाळेचं डोमेन वेगळं असेल तर वैयक्तिक खात्यातून तसं देता येत नाही. तेव्हा शाळेच्या खात्यातून फाइलची प्रत काढून घ्या. हे बदलीच्या आदेशाआधी करा, नंतर नाही.